झुलत्या पुलाची दैनंदिन तपासणी

सकाळी सात ते साडेआठ या वेळात मी सरदार असायचो. पाच हजारांची फौज, पांढरी घोडी, दिलेल्या शब्दाला जागणारा आणि संकटात सगळ्यांच्या पुढे. साडेआठला बस कंपनीच्या गेटात शिरली की मी खाली उतरायचो, गळ्यात ओळखपत्र अडकवायचो आणि क्वालिटी खात्यात कागदपत्रं सांभाळणारा माणूस व्हायचो. संध्याकाळी परतताना पुन्हा घोडीवर.

हा खेळ लिहून खेळायचा असतो. फोनवर चार-पाच जणांचा ग्रुप करायचा, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या हातून जे काय घडेल ते दोन-चार ओळींत लिहून टाकायचं. मी लिहिलं, 'सरदारानं तलवार उपसली', की पुढच्यानं ठरवायचं, कुणावर. इंटरनेटवरची मंडळी याला रोलप्ले म्हणतात. आमच्या घरी याला 'बाबांचं ते' म्हणतात. चिंचवडहून कुरुळीच्या पुढे जायला आमच्या बसला दीड तास लागतो, त्यातला निम्मा वेळ मोशीनंतर ट्रकांच्या मागे उभं राहण्यात जातो, आणि चाळिशी उलटलेल्या माणसानं दीड तास खिडकीबाहेर काय बघायचं? ट्रकांच्या पाठीवर लिहिलेलं सगळं माझं पाठ झालं होतं.

खेळ सुरू केला तो स्टोअरच्या माणसानं. त्याला इतिहासाचं भयंकर वेड. टीव्हीवर तेव्हा एक ऐतिहासिक मालिका चालू होती आणि बस मोशीला पोचेपर्यंत आदल्या दिवशीच्या भागावर चर्चा चालायची. एक दिवस तो म्हणाला, नुसतं बोलण्यापेक्षा आपणच लिहू या ना. त्यानं स्वतःसाठी किल्लेदार घेतला. मी सरदार. तिसरा मेंटेनन्सचा, ज्याला सगळे भाऊ म्हणत, मोशीच्या जुन्या घराण्यातला. त्यानं तोफखाना घेतला, कारण त्याला यंत्र पाहिजेच होतं. त्याच्या तोफा लढाईत कमी आणि दुरुस्तीला जास्त असायच्या. ऐन हल्ल्याच्या वेळी तो लिहायचा, 'तोफ बंद हाय. पार्ट आलेला न्हाई.'

आता मुद्दा असा, की या खेळात दोन पंथ आहेत आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटत नाही. एक पंथ तयार जगात खेळतो: मालिकेतलं, पुराणातलं, इतिहासातलं, कुठलंही, पण सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं. दुसरा पंथ स्वतःचं जग करतो, अगदी मातीपासून. मी पहिल्या पंथातला, आणि नुसता नाही, कट्टर. तयार जगात फार सुख असतं. शत्रू कोण ते ठरलेलं असतं. निष्ठा कुणाशी ते ठरलेलं असतं. अपमान झाला तर कोणत्या शब्दांत चिडायचं, मरताना काय म्हणायचं, सगळं ठरलेलं. आपण फक्त त्या मापाचा अंगरखा चढवायचा. दुसऱ्या पंथातल्या लोकांची मला कीव यायची. मी त्यांचे ग्रुप पाहिलेत. तीन चंद्र, सात नद्या, अकरा प्रकारचे वारे, प्रत्येक वाऱ्याला वेगळं नाव, आणि एवढं करून त्या जगात एका माणसाला दुसऱ्याशी बोलायला विषय नाही.

तयार जगाला एकच ताप असतो: त्यात चुका काढता येतात. मेंटेनन्सच्या भाऊनं एकदा लिहिलं की तोफखान्याच्या लोकांनी बटाट्याची भाजी आणि भाकरी खाल्ली. स्टोअरचा माणूस उखडला. त्या काळी आपल्याकडे कुणी बटाटा पाहिला तरी होता का? तीन दिवस खेळ बंद. शत्रू तटाखाली येऊन उभा, आणि वर आम्ही बटाट्यावर भांडतोय. शेवटी भाऊ म्हणाला, "बरं बाबा, आमी उपाशी लढतो," आणि पुढे दोन आठवडे त्यानं तोफखान्याला खरंच काही खाऊ दिलं नाही.

अशा रीतीनं आमचं उत्तम चाललं होतं. मग ती आली.

ती लातूरकडची. माझ्याच खात्यात, ठेकेदाराकडून आलेली. फॉरमॅट टाईप करायचे, फायली लावायच्या, नवा कागद आला की त्याला नंबर द्यायचा आणि कंपनीच्या मुख्य यादीत चढवायचा, ही तिची कामं. मोशीला बसमध्ये चढायची आणि मागच्या बाकांवर बसायची. पुढचे बाक पर्मनंट लोकांचे, मागचे ठेकेदारीचे. असं कुठे लिहिलेलं नाही, पण कंपनीत जे लिहिलेलं नसतं तेच नीट पाळलं जातं. मी तिला ग्रुपमध्ये घेतलं, कारण मालिकेत एक हेर बाई होती आणि आमच्याकडे ती जागा रिकामी होती. ती हेर चांगली लिहायची, जरा जास्तच चांगली. माझा सरदार तीन ओळी गरजायचा आणि तिची हेर एका ओळीत दार उघडं ठेवून निघून जायची; लोक दाराबद्दल बोलायचे.

चार महिन्यांनी एका सकाळी ती मागच्या बाकावरून उठून पुढे आली आणि दांडीला धरून म्हणाली, "सर, एक विचारू? आपण आपलंच एक जग का करत नाही? ह्याच्यात सगळं आधीच झालेलं आहे. मी काही बी केलं तरी किल्ला शेवटी पडणारच हाय की."

मी म्हणालो, "पडणार आहे म्हणूनच तर लढण्यात मजा आहे."

"तुम्हाला आहे सर," ती म्हणाली. "तुम्ही सरदार आहात. हेर कधी मेली ते मालिकेत दाखवलंच नाही."

स्टोअरचा माणूस हसला. मला राग आला, आणि राग आला की मी नियमावर येतो. ही आमच्या खात्याची जुनी खोड आहे. कुणी नवीन काही सुचवलं की आम्ही 'नको' म्हणत नाही. 'लिहून आण' म्हणतो. निम्मे लोक तिथेच गार पडतात. मी म्हणालो, स्वतःचं जग पाहिजे ना, मग त्याचे नियम लिही, रीतसर. आपल्या फॉरमॅटमध्ये. हेतू, व्याप्ती, जबाबदारी, कार्यपद्धती. खाली तीन चौकटी: तयार केले, तपासले, मान्य केले. मला वाटलं, झालं, विषय संपला.

ती अकरा पानं घेऊन आली.

ते एक गाव होतं आणि ते दर वर्षी जागा बदलायचं. पीक निघालं की लोक दारं-चौकटी खांद्यावर घ्यायचे, चुली टोपलीत ठेवायचे आणि दरीपलीकडे निघायचे. दरीवर दोरांचा झुलता पूल. शेवटचा माणूस पलीकडे पोचला की पूल गुंडाळून घ्यायचा, आणि पुढच्या वर्षी पुढच्या दरीवर अंथरायचा. त्या गावात कुणीच मूळचं नव्हतं, म्हणून कुणी उपरंही नव्हतं. तीन चंद्र नव्हते. वाऱ्यांना नावं नव्हती. पानाच्या वर कंपनीच्या चौकटीत शीर्षक होतं: 'झुलत्या पुलाची दैनंदिन तपासणी', आणि खाली कार्यपद्धती, क्रमांक घालून. 'दोर ओला असेल तर त्याची समजूत काढावी, ओरडू नये.' 'ज्याला पलीकडे जायचं नाही त्याला ढकलू नये. त्याचं सामान पुढे न्यावं, म्हणजे तो येतो.'

मी ते तीनदा वाचलं. एकदा बसमध्ये, एकदा जेवणाच्या सुट्टीत, आणि एकदा घरी, बायको टीव्ही बघत असताना तिच्याकडे पाठ फिरवून. सामानाच्या ओळीशी मी दर वेळी थांबत होतो. बार्शीहून मी चिंचवडला आलो तेव्हा वडिलांनी असंच केलं होतं. मला काही न सांगता माझी ट्रंक आधी पाठवून दिली होती. हे मी तिला सांगितलं नाही. मी तिला म्हणालो, "ठीक आहे. शुद्धलेखन बघ."

पण 'मान्य केले' या चौकटीत मी सही केली, आणि मग गंमत म्हणून, की सवयीनं, की अभिमानानं, आजही नक्की सांगता येत नाही, मी स्वतः त्या कागदाला खरा नंबर दिला. चालू क्रमांकातला पुढचा. कंपनीच्या मुख्य यादीत, 'झाकण बसविण्याची पद्धत' आणि 'ट्रॉली साफसफाई' यांच्या खाली, झुलत्या पुलाची दैनंदिन तपासणी. एवढी वर्षं यादी सांभाळतोय. नंबराशिवाय पडलेला चांगला कागद मला बघवत नाही.

खेळ नव्या गावात गेला. आणि इथे मला एक शोध लागला, जो दुसऱ्या पंथाचे लोक कबूल करत नाहीत. माणसाला कोरं जग दिलं, हवं ते कर म्हटलं, की तो काय करतो? आपली कंपनी करतो. पंधरा दिवसांत मेंटेनन्सच्या भाऊनं त्या गावात दोर-दुरुस्ती विभाग उघडला आणि पहिल्या दिवसापासून स्पेअर दोर नसल्याची तक्रार केली. स्टोअरच्या माणसानं पुलाच्या तोंडाशी चौकी बसवली आणि चुली बाहेर नेणाऱ्यांना गेटपास मागायला लागला. मी गावाचा सरपंच झालो आणि सरदारासारखा बोलत राहिलो. मला दुसरं येत नव्हतं. तीच एकटी त्या गावात राहत होती. आम्ही बाकीचे तिथे ड्यूटीवर जात होतो.

त्याच सुमारास तिचं पर्मनंट होण्याचं चाललं होतं. दोन वर्षं पुरी झाली होती, खात्यानं नाव पाठवलं होतं, माझीच शिफारस होती. ग्राहक कंपनीचा माणूस येऊन ऑडिट करून गेला की पत्र निघेल, असं प्लँट हेडनी सांगितलं होतं. तिनं बसमध्ये एकदाच त्याचा विषय काढला. म्हणाली, पत्र हातात आलं की रूम बदलणार आणि आईला घेऊन येणार. आई गावी एकटी आहे आणि सध्याच्या रूममध्ये चार मुली राहतात. आणि मग लगेच म्हणाली, "आधी होऊ द्या सर. आधी बोलून कशाला दाखवायचं."

ऑडिटर आला तो शांत, चष्मा नाकावर घसरलेला, पुण्याचा गृहस्थ. ऑडिटच्या आधी आम्ही सगळ्या माणसांना एकच मंत्र शिकवतो: ऑडिटरला 'माहीत नाही' म्हणायचं नाही. 'आहे सर, आणतो' म्हणायचं. आणायला गेल्यावर बघू. त्या दिवशी मीटिंग रूममध्ये प्लँट हेड, मी आणि मेंटेनन्सचा भाऊ बसलो होतो, दाराशी छोट्या टेबलावर ती फायली घेऊन. ऑडिटरनं मुख्य यादी मागितली, डोळे मिटल्यासारखे केले आणि बोट ठेवलं.

"हे दाखवा. झुलत्या पुलाची दैनंदिन तपासणी."

प्लँट हेडनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्यांच्या कंपनीत काय काय आहे हे त्यांना एरवीही माहीत नसतं, त्यामुळे त्यांना संशय आला नाही. 'खेळ आहे सर, चुकून आलंय,' असं म्हणायला मी तोंड उघडलं असेल नसेल, तेवढ्यात मेंटेनन्सचा भाऊ, मंत्र अंगात मुरलेला माणूस, बोलून गेला, "रोज हुती की साहेब. शीटा हायेत. आनतो."

बोलल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. पण खुर्चीवरून उठून झालं होतं.

चाळीस मिनिटांनी तो महिनाभराच्या तपासणीचे कागद घेऊन परत आला. मी आयुष्यात एवढं सुंदर काम पाहिलेलं नाही. तीन वेगवेगळी पेनं. एका कागदावर चहाचा डाग. दोन दिवशी 'गाठ सैल, घट्ट केली' असा शेरा, कारण सगळंच ठीक लिहिलं तर खोटं वाटतं. दर गुरुवारी नोंदच नाही आणि पुढे कंस करून 'साप्ताहिक सुट्टी'. ऑडिटर एकेक पान उलटत होता आणि त्याचा चेहरा खुलत होता. "बघा," तो प्लँट हेडना म्हणाला, "ही खरी नोंद. नाही तर लोक रोज नुसतं बरोबरचं चिन्ह मारतात."

आम्ही सुटलो असतो. पण चांगलं काम पाहिलं की माणसाला ते डोळ्यांनी बघावंसं वाटतं. ऑडिटर म्हणाला, "चला, पूल बघू."

कुणी उठलं नाही. भाऊ म्हणाला, "साहेब, ते सध्या हलिवलंय." हे तर खरंच होतं, गावात तेव्हा पीक निघालं होतं. प्लँट हेड, ज्यांना अजून काहीच कळलेलं नव्हतं, गंभीरपणे म्हणाले, "लेआउट बदलायचं काम चालू आहे." ऑडिटर म्हणाला, "मग हलवल्याची नोंद?" आणि उत्तराची वाट बघता बघता त्यानं मूळ कागद पुढे ओढला आणि, आमच्या कंपनीच्या इतिहासात कुठल्याही ऑडिटरनं केलं नव्हतं ते केलं. मजकूर वाचायला घेतला.

दुसऱ्या पानावर तो थांबला. मोठ्यानं वाचलं: "'दोर ओला असेल तर त्याची समजूत काढावी, ओरडू नये.'" चष्मा वर सरकवला. "हे काय आहे?"

प्लँट हेडनी कागद हातात घेतला आणि त्यांचे कान लाल झाले. खालच्या चौकटी बघितल्या. तयार केले, तिचं नाव. मान्य केले, माझं. ते मला म्हणाले, "तुमची सही आहे. वाचलं होतं का तुम्ही हे?"

हा प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर 'हो' होतं. हो सर, तीनदा वाचलं. नंबर मीच दिला, यादीत मीच चढवलं, त्या मुलीनं फक्त लिहिलं, आणि तेही मी सांगितलं म्हणून. एवढीच चार वाक्यं. सरदारानं ती घोडीवरून न उतरता म्हटली असती. पण सरदाराला आपली वाक्यं माहीत असतात. त्या जागी काय बोलतात ते आधी कुणीतरी बोलून ठेवलेलं असतं. मीटिंग रूममध्ये मला कुणी काही देऊन ठेवलेलं नव्हतं. म्हणजे होतं; कंपनीत एक वाक्य तयार असतं, आणि तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"नाही सर. गडबडीत सही झाली."

खोलीत एकदम मोकळं वाटायला लागलं. न वाचता सही करणं आमच्याकडे गुन्हा नाही. प्लँट हेड स्वतः दिवसाला चाळीस करतात. ऑडिटरनंही मान हलवली, म्हणाला, होतं असं. मग प्लँट हेडनी विचारलं, यादीत कुणी चढवलं? मी म्हणालो, "यादीत चढवायचं काम तिच्याकडे असतं सर." हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. मला आजही ते जास्त लागतं.

मी दाराकडे बघितलं नाही. पण फाईल बंद केल्याचा आवाज ऐकला. मेंटेनन्सचा भाऊ, ज्यानं महिन्याभराच्या खोट्या नोंदी केल्या होत्या, तो आपले कागद नीट लावत होता. त्याला कुणी काही विचारलंच नाही. नोंदी चांगल्या होत्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. ऑडिटरनं एक त्रुटी लिहून दिली. आम्ही तिचं मूळ कारण शोधलं: कंत्राटी कर्मचाऱ्याचं अपुरं प्रशिक्षण. उपाय: सदर कर्मचाऱ्यास ठेकेदाराकडे परत पाठविणे. पुन्हा असं होऊ नये म्हणून सर्व अधिकाऱ्यांसाठी 'वाचून सही करा' असं एक तासाचं प्रशिक्षण ठेवलं. ते मी घेतलं. शेवटी हजेरीचा कागद फिरवला, त्यावर चुकून दुसऱ्याच प्रशिक्षणाचं शीर्षक छापलं गेलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या. त्रुटी बंद झाली.

बसमध्ये दोन दिवस कुणी फोन काढला नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ खिडकीकडे बघत म्हणाला, "आपन तरी काय करनार व्हतो, राव," आणि स्टोअरचा माणूस म्हणाला, आता जुन्याच जगात परत जाऊ, ते बरं होतं. गेलो. मोशीला मागचा दरवाजा उघडायचा, आठ-दहा जण चढायचे, मी फोनमध्ये डोकं घालायचो. त्याच आठवड्यात मी एक प्रसंग लिहिला: शत्रूनं हेर बाईला पकडलं, आणि सरदार एकटा छावणीत शिरला, म्हणाला, हिला सोडा, हुकूम माझा होता, जबाबदार मी आहे. बाण छातीवर घेतला. चांगलं जमलं होतं. स्टोअरच्या माणसानं लिहिलं, 'वा सरदार, अंगावर काटा आला.' भाऊनं तोफेची सलामी दिली.

ती अजून ग्रुपमध्येच होती. तिला काढायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि ती स्वतः गेली नव्हती. फोनमध्ये बघता येतं, कुणी कुणी वाचलं. सगळ्यात आधी तिनं वाचलं होतं.

तीन महिन्यांनी तिचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. ठेकेदारानं तिला तळेगावच्या एका कारखान्यात लावलं होतं. 'सर, दहा मिनिटं भेटायचं होतं.' मी गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, चिंचवडहून लोकल पकडून गेलो. आदल्या दिवसापासून मी मनात माफी जुळवत होतो. 'माझ्याकडून चूक झाली' हे फार साधं वाटत होतं, 'मी तुझा अपराधी आहे' हे सरदाराचं वाटत होतं. तळेगाव आलं तरी जमलं नव्हतं.

ती कारखान्याबाहेरच्या टपरीवर उभी होती, जेवणाच्या सुट्टीत, अंगात वेगळ्या रंगाचा ॲप्रन. तिनं चहा सांगितला आणि मला माफी मागायला वेळच दिला नाही.

"सर, हितं बी माझं पर्मनंटचं चाललंय," ती म्हणाली. "पण जुन्या कंपनीतनं का काढलं ते विचारायलेत. ठेकेदाराच्या कागदावर 'नोंदीत गडबड' असं आहे. खोट्या नोंदी केल्या असं वाटतंय त्यांना. तुम्ही एक ओळ लिहून द्या. तो कागद तुम्ही वाचला होता आणि यादीत तुम्ही चढवला होता. बास. बाकी काही लिहू नका."

"अगं, का नाही," मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला होता. एवढ्यावर सुटका होत होती. "तू मजकूर तयार करून पाठव, मी सही करतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा ओळखीचा माणूस गर्दीत आहे का ते बघतात, तसं.

मग तिनं पर्समधून एक कोरा कागद आणि पेन काढलं, बाकावर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "एकच ओळ आहे सर."

मी पेन घेतलं. 'याद्वारे कळविण्यात येते की' असं लिहिलं. हे आपोआप आलं, वीस वर्षं लिहितोय. त्याच्यापुढे 'मी' लिहायचं होतं. 'मी' लिहिलं असतं तर पुढचं आलं असतं, आणि मग खाली नाव, हुद्दा, तारीख, आणि तो कागद या कारखान्यातून आमच्या कारखान्यात फिरत आला असता, कधीतरी, कुणाच्या तरी टेबलावर. मला चार वर्षं राहिली आहेत कर्ज फिटायला, धाकटीची बारावी आहे, असली सगळी माणसाजवळ असतात ती कारणं माझ्याजवळ होती. मी पेन धरून बसलो. तिनं घाई केली नाही. तिचा चहा संपला. आत भोंगा झाला.

"राहू द्या सर," ती म्हणाली. पेन घेतलं, कागद घेतला नाही, आणि आत गेली.

त्या गोष्टीला आता वर्ष होईल. तिचं तिथे काय झालं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. ग्रुपमध्ये ती अजून आहे, आणि ती वाचते. म्हणून शेवटी हे सगळं बसून लिहून काढलं, पहिल्यापासून, जसं घडलं तसं, पुराणातली किंवा मालिकेतली एक ओळ उसनी न घेता. तीनदा वाचलं, नंबर मी दिला, यादीत मी चढवलं. सगळं कबूल केलंय. फक्त यात कुठेही तिचं नाव नाही, कंपनीचं नाही, आणि माझंही नाही. त्यामुळे तिला याचा काही उपयोग नाही.